पिल्लाचं उष्टावण : तीन ते आठ आठवड्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाला काय, किती आणि कसं भरवावं

भाद्रपदात गल्लीतली कुत्री एकमेकांमागे धावू लागली की पुढचं गणित ठरलेलं असतं. कुत्रीचे दिवस साधारण ६३. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आणि पुढे थंडीभर कुठे जिन्याखाली, कुठे उभ्या गाडीखाली, कुठे बांधकामाच्या वाळूत पिल्लं दिसायला लागतात. मग फोन येतात, "आई दिसत नाही, पिल्लू एवढुस्सं आहे, काय देऊ?" बहुतेक वेळा हे विचारेपर्यंत वाटीभर दूध पाजून झालेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी जुलाबाचा फोन येतो.

आमच्या भागातली पोरकी पिल्लं घर मिळेपर्यंत माझ्याकडे असतात. आईचं दूध सुटून खाण्यावर येण्याचे हे चार-पाच आठवडे फार नाजूक असतात, आणि त्यात पिल्लं दगावतात ती बरेचदा प्रेमापोटी दिलेल्या दुधाने आणि घाईने. दोन्ही टाळता येतं. हा लेख पहिल्यांदाच पिल्लू हातात आलेल्या माणसासाठी आहे.

उचलण्याआधी आई आहे का ते बघा

पिल्लू एकटं दिसलं म्हणजे पोरकं झालं असं नाही. दूध पाजणाऱ्या कुत्रीला एरवीपेक्षा दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, त्यामुळे ती तासन्‌तास अन्न शोधत फिरते. पिल्लं गोल, शांत आणि एकमेकांवर रचून झोपलेली असतील तर आई येऊन-जाऊन आहे. लांबून लक्ष ठेवा. पिल्लं सतत ओरडत असतील, पोटं खपाटीला गेली असतील, अंग गार लागत असेल, तर मात्र थांबू नका.

आई असेल तर सगळ्यात चांगली मदत म्हणजे आईला खायला घालणं. दिवसातून दोन-तीन वेळा पोटभर, आणि जवळ स्वच्छ पाणी. पिल्लं महिन्याची झाली की काही कुत्र्या स्वतः खाल्लेलं अर्धवट पचलेलं अन्न पिल्लांपुढे ओकतात. बघणाऱ्याला वाटतं कुत्री आजारी आहे, आणि कुणीतरी ते पाणी टाकून धुऊन काढतं. ते धुऊ नका. पिल्लांचा पहिला घन आहार तोच असतो.

विकत आणलेल्या पिल्लांची गोष्ट वेगळी, पण अडचण तीच. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही "पंचेचाळीस दिवसांचं आहे" म्हणत महिन्याभराची लॅब्रेडोर आणि पॉमेरेनियन पिल्लं सर्रास हातात ठेवली जातात. तुमच्याकडे असं पिल्लू आलं असेल तर विकणाऱ्याने सांगितलेल्या तारखेवर विसंबू नका. वय आपणच पडताळायचं.

वय दातांवरून ओळखा

डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. कान त्यानंतर थोड्या दिवसांनी. डोळे उघडे आहेत, पण पिल्लू पोटावर सरपटतंय आणि हिरड्या गुळगुळीत आहेत, तर ते तीन आठवड्यांच्या आतलं आहे. त्याला अजून खाणं नकोच. त्याला फक्त दूध (आईचं, नाहीतर पिल्लांसाठीच्या पावडरचं) लागतं, ऊब लागते, आणि प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसून ती करवून घ्यावी लागते. हे काम आई जिभेने करते. इतकं लहान पिल्लू असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जाऊन दूध पाजायची पद्धत समोर बसून शिकून घ्या.

तीन ते चार आठवड्यांत पुढचे बारीक दात आणि सुळे हिरडीतून टोचायला लागतात. पिल्लू चार पायांवर उभं राहतं, डुलत डुलत चालतं. दाढा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात येतात. सगळे दुधाचे दात मिळून २८. बोट स्वच्छ धुऊन हिरडीवरून फिरवा. सुळे टोचले आणि पिल्लू बोट चोखण्याऐवजी चावू बघत असेल, तर उष्टावणाची वेळ झाली.

आधी ऊब, मग खाणं

घरी आणलेल्या गार पिल्लाच्या तोंडाशी लगेच दुधाचा ड्रॉपर न्यायचा नाही, ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते. अंग गार असताना आतडी काम करत नाहीत. पोटात गेलेलं तिथेच पडून राहतं, आंबतं, किंवा उलटून फुप्फुसात जातं. चार आठवड्यांच्या निरोगी पिल्लाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ३५ च्या खाली, म्हणजे घरातल्या थर्मामीटरवर ९५ फॅरनहाइटच्या खाली असेल, तर भरवणं पूर्ण थांबवा.

गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल. तासा-दोन तासांत हळूहळू ऊब येऊ द्या. हेअर ड्रायर, शेगडी, उन्हात नेऊन ठेवणं यातलं काही नको. बाटलीतलं पाणी गार झालं की ती उलट अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून रात्री ती बदलायला उठावं लागतं. खोक्यात वर्तमानपत्राऐवजी जुनं सुती लुगडं किंवा गोधडी घाला. कागदावर पाय घसरतात आणि या वयात मागचे पाय फाकायला वेळ लागत नाही.

पिल्लू लुळं असेल, मान टाकत असेल, तर थोडी ग्लुकोज पावडर कोमट पाण्याच्या चार-दोन थेंबांत कालवून बोटाने हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका. आणि निघा दवाखान्यात.

दुधाचं काय करायचं

आपल्याकडे लहान जीव दिसला की हात दुधाच्या पातेल्याकडे जातो. पण कुत्रीचं दूध आणि गायीचं दूध यात फार अंतर आहे. कुत्रीच्या दुधात साधारण ८ ते ९ टक्के स्निग्धांश आणि ७ ते ८ टक्के प्रथिनं असतात. गायीच्या दुधात स्निग्धांश साडेतीन-चार टक्के आणि प्रथिनं सव्वातीनच्या आसपास. उलट दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, गायीच्या दुधात जास्त. कुत्रीच्या दुधात ती साडेतीन टक्क्यांच्या जवळ, गायीच्यात पावणेपाच. म्हणजे वाटीभर गायीच्या दुधाने पिल्लाला ताकद निम्मी मिळते आणि न पचणारी साखर जास्त मिळते. ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब लागतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश बरा असतो, पण लॅक्टोज तितकंच किंवा थोडं जास्तच. शेळीचं दूध हलकं म्हणून हमखास सुचवलं जातं. लॅक्टोजच्या बाबतीत ते गायीच्या दुधाच्या शेजारीच बसतं.

दुधात पाणी घातलं तर आधीच कमी असलेली ताकद आणखी कमी होते, आणि साखर घातली तर जुलाब वाढतात. रात्री अकराला पिल्लू सापडलं, दुकानं बंद आहेत, तर उकळून कोमट केलेलं गायीचं किंवा शेळीचं दूध थोडं थोडं, दोन-तीन तासांनी देऊन रात्र काढा. उपाशी ठेवण्यापेक्षा ते बरं. सकाळी मात्र पेट शॉपमध्ये किंवा मेडिकलमध्ये जाऊन "पपी मिल्क रिप्लेसर" मागा. ती पावडर असते. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवायची, घट्ट केल्याने पिल्लू लवकर वाढत नाही, त्याचं पोट बिघडतं.

सेरेलॅकचं विचारतातच. एक-दोन दिवस निभावायला चालेल. पण ते माणसाच्या बाळासाठी बनवलेलं आहे आणि पिल्लाची वाढ बाळापेक्षा कितीतरी वेगाने होते. वाढत्या पिल्लाच्या कोरड्या खाद्यात किमान साडेबावीस टक्के प्रथिनं आणि साडेआठ टक्के स्निग्धांश असावेत असा अमेरिकेतल्या AAFCO या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचा मापदंड आहे. दूध-पोळी, दूध-भात आणि ग्लुकोजची बिस्किटं यातलं काहीच त्याच्या जवळपास जात नाही. पिल्लू ते आवडीने खातं, पोट टम्म होतं, आणि आपल्याला वाटतं छान चाललंय. दोन आठवड्यांनी बरगड्या दिसायला लागतात.

पहिला घास : सरसरीत पेज

दुकानात "स्टार्टर" नावाचं पिल्लांचं कोरडं खाद्य मिळतं, बारीक दाण्यांचं. साधं "पपी" लिहिलेलंही चालेल. "अॅडल्ट" नको. लहान पाकीटच घ्या, कारण उघडलेलं पाकीट पावसाळ्यात लवकर खवटतं. दुकानदार मोठ्या गोणीतून सुटं काढून देत असेल तर वास घेऊन बघा.

दहा ग्रॅम दाणे मोजा आणि त्यावर तीस मिलिलिटर गरम पाणी ओता. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. मग काट्याने चेचा किंवा मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवा. पहिल्या दिवसांत ते पळीवाढं, सरसरीत हवं, गुठळी अजिबात नको. पाण्याऐवजी कालवलेलं पपी मिल्क वापरलं तर ओळखीच्या वासामुळे पिल्लू लवकर तोंड लावतं. पण उकळत्या पाण्यात मिल्क पावडर टाकू नका. आधी दाणे थोड्या पाण्यात भिजवून घ्या, कोमट झाल्यावर दूध मिसळा.

मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. ना गरम ना गार लागला की योग्य. फ्रिजमधून काढलेलं गार खाणं पिल्लू हुंगूनही बघत नाही. उरलेली पेज तासाभराने टाकून द्या. आपल्या हवेत, त्यातही मे महिन्यात आणि कोकणात, ती फार लवकर आंबते.

भरवायचं कसं

पिल्लू पोटावर किंवा चार पायांवरच हवं. मांडीवर बाळासारखं उताणं घेऊन ड्रॉपरने पाजणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार. खाणं श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. दूध नाकातून बुडबुडे होऊन आलं, पिल्लू खोकलं, तर लगेच थांबा, डोकं थोडं खाली करा, नाक पुसा. त्या दिवशी श्वासाकडे लक्ष ठेवा आणि घरघर ऐकू आली तर रात्र काढू नका.

कडा अगदी बुटक्या असलेली ताटली घ्या. बोट पेजेत बुडवून पिल्लाच्या ओठाला लावा. चाटलं की पुन्हा. मग बोट हळूहळू ताटलीकडे न्या, पिल्लू मागे मागे येतं आणि एकदा नाक ताटलीला लागलं की त्याला कळतं. नाक धरून पेजेत बुडवायचं नाही. नाकपुड्यांत जातं, पिल्लू घाबरतं आणि पुढचे दोन दिवस ताटली बघून मागे सरकतं. पहिल्या खेपेला एक-दोन चमचे पोटात गेले तरी भरपूर झालं. राहिलेली भूक दुधाने भागवा. आधी पेज, नंतर दूध, हा क्रम ठेवा, कारण दूध पिऊन झोपाळलेलं पिल्लू नवं काही शिकत नाही.

पिल्लू ताटलीत उभं राहील, त्यातच बसेल, कानापर्यंत माखेल. खाऊन झालं की कोमट ओल्या फडक्याने तोंड, पंजे, पोट पुसा आणि कोरडं करा. हे फक्त स्वच्छतेसाठी नाही. दुधाचा वास लागलेल्या पिल्लाला मुंग्या लागतात, आणि खोक्यातल्या पिल्लाला त्यांच्यापासून पळता येत नाही. खोकं भिंतीपासून दूर ठेवा. त्याचे कोपरे पाणी भरलेल्या ताटल्यांत उभे केलेल्या चार वाट्यांवर टेकवले तर मुंग्या वर चढत नाहीत.

एकापेक्षा जास्त पिल्लं असतील तर एक मोठी परात ठेवून सगळ्यांना सोडू नका. दांडगी पिल्लं मध्ये उभी राहतात आणि बारकं पिल्लू कडेला राहतं. त्याचं पोट भरल्यासारखं दिसतं, कारण सगळीच एका गठ्ठ्यात असतात. दोन-तीन ताटल्या करा, आणि बारक्याला आधी, वेगळं, शांतपणे भरवा.

चाटायला लागल्यापासून पाणीही ठेवायचं. उथळ वाटीत, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नाही.

किती द्यायचं

यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हवा. तो नसेल तर तीन-चारशे रुपयांचा आणा, पिल्लाच्या पट्ट्याआधी आणा. एक किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण २०० ते २१० कॅलरी लागतात. स्टार्टर खाद्यात १०० ग्रॅमला सुमारे ४०० कॅलरी असतात (पाकिटावर आकडा असतो, तो बघून घ्या). म्हणजे एक किलोच्या पिल्लाला दिवसभरात ५० ग्रॅमच्या आसपास कोरडे दाणे, भिजवण्याआधी मोजलेले. पाच वेळांत वाटले तर दर वेळी दहा ग्रॅम. वर सांगितलेलं माप तिथूनच आलं. दीड किलोला ७० ग्रॅम, दोन किलोला ८५ ते ९०, तीन किलोला १२० च्या आसपास. वजन दुप्पट झालं म्हणून खाणं दुप्पट होत नाही, हे लक्षात घ्या.

पूर्ण दुधावर असताना, बहुतेक पपी मिल्क कालवल्यावर एका मिलिलिटरला एक कॅलरीच्या आसपास भरतं, म्हणजे एक किलोला दिवसाला २०० मिलिलिटर. निम्मं दूध आणि निम्मी पेज असा काळ असेल तर दोन्ही निम्मं निम्मं धरा.

उपाशी राहिलेल्या पिल्लाला पहिल्या दिवशी यातलं निम्मंच द्या, जास्त वेळा विभागून. त्याचे डोळे ताटलीवरून हटत नाहीत आणि ते ओरडून मागतं, तेव्हा हात आवरणं खरंच कठीण जातं. तरी आवरा. दोन-तीन दिवसांत पूर्ण मापावर आणा.

हे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. खरं उत्तर रोज सकाळचं, खाण्याआधीचं वजन देतं. मोठेपणी जितके किलो होईल त्यातल्या प्रत्येक किलोमागे दिवसाला दोन ते चार ग्रॅम वाढ व्हावी असा ढोबळ नियम आहे. आपलं गावठी कुत्रं मोठेपणी १५ ते २० किलोचं होतं, म्हणजे रोज ३० ते ८० ग्रॅम. लॅब्रेडोरचं पिल्लू यापेक्षा वेगाने वाढेल. वहीत तारीख, वजन, शी कशी झाली, एवढंच लिहा. एक दिवस वजन थांबलं तर लक्ष ठेवा, दोन दिवस थांबलं किंवा उतरलं तर डॉक्टरांना वही दाखवा. नुसत्या "बरं खात नाहीये" या सांगण्यापेक्षा त्या वहीतून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं.

आठवड्यागणिक

चौथा आठवडा, म्हणजे २१ ते २८ दिवस : मुख्य आहार दूधच. पेज दिवसातून दोनदा. आईविना असेल तर एकूण पाच-सहा वेळा भरवा, त्यात एक रात्री उशिरा आणि एक पहाटे.

पाचवा आठवडा : पेज चार-पाच वेळा, दूध फक्त ती कालवण्यापुरतं. बाटली किंवा ड्रॉपर इथे सोडा. बाटलीची सवय लागलेली पिल्लं ताटलीकडे बघतच नाहीत, आणि दात आलेलं पिल्लू रबरी बोंडलं चावून तुकडा गिळू शकतं.

सहावा आठवडा : पाणी कमी करत जा. दहा ग्रॅमला तीसऐवजी वीस, मग पंधरा मिलिलिटर. चेचणंही कमी, मऊ गुठळ्या राहू द्या. रात्रीची खेप बंद होते, चार-पाच वेळा पुरतं.

सातवा-आठवा आठवडा : दाणे नुसते ओलसर, बाजूला चार-दोन कोरडे चावायला. आठवा आठवडा संपेपर्यंत बहुतेक पिल्लं कोरडं खाऊ लागतात. नाही खाल्लं तर ओलसर देत राहा, त्यात काही बिघडत नाही. चार महिन्यांपर्यंत दिवसाला तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, मग दोन.

यातला प्रत्येक बदल दोन-तीन दिवसांत पसरवा. शी बिघडली की एक पायरी मागे यायचं, पुढे ढकलायचं नाही.

शी रोज बघा

तपकिरी, आकार धरणारी, उचलता येणारी शी म्हणजे सगळं ठीक. मऊ आणि पिवळसर झाली तर बहुधा खाणं जास्त होतंय. पुढच्या दोन-तीन खेपा थोड्या कमी करा, वेळा वाढवा. पांढुरकी, दह्याच्या कवड्यांसारखी असेल तर दूध न पचता बाहेर पडतंय. पाण्यासारखे जुलाब, त्यात रक्त, सडका उग्र वास, सोबत उलट्या आणि गळून गेलेलं पिल्लू, हे पार्व्होचं, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचं चित्र असू शकतं. तिथे घरगुती उपाय करत बसायचं नाही. सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगात पाणी किती असणार? जुलाबांनी ते एका दिवसात जाऊ शकतं. घरातल्या डब्यातली जुलाब थांबवायची गोळी, पॅरासिटामॉल, काहीही देऊ नका. दही-भात खाऊन बरं होईल म्हणून वाटही बघू नका.

रात्री-अपरात्री जायचं दवाखान्याचं ठिकाण आजच शोधून ठेवा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय आहे. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, त्याच्या वेळा आधीच विचारून घ्या.

जंत, आणि लस

पिल्लू नीट खातंय, पोट ढोलासारखं आहे, पण पाठीचा कणा हाताला लागतो, केस निस्तेज आहेत, तर जंत आहेत असं धरून चाला. गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात उतरतात, अंकुशकृमी दुधातून येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, आठव्या आठवड्यापर्यंत आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंताचं औषध दिलं जातं. डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडूनच घ्या. शीमध्ये शेवयांसारखे जंत पडले तर घाबरू नका, औषध लागू पडलंय. हेच जंत माणसांच्या मुलांनाही त्रास देतात, तेव्हा पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुणं घरातल्या प्रत्येकाला सक्तीचं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर जंत किंवा पिसवा रक्त पितायत. मोठ्या कुत्र्यांची गोचीड पावडर या वयात चोळू नका, दाखवून आणा.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, आणि रेबीजची तिसऱ्या महिन्याच्या सुमारास. तोवर पिल्लाला रस्त्यावर, बागेत जमिनीवर सोडायचं नाही. पार्व्होचे विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतात. आणि भरवताना पिल्लाचा दात लागून तुमचं कातडं फाटलं, तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरांकडे जा. पिल्लू लहान आहे, गोड आहे, म्हणून हे टाळू नका.

घरचं खाणं आणि शाकाहारी घर

स्टार्टर संपलं, दुकान लांब आहे, तर एक-दोन दिवस काय? बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात शिजवून, गुरगुट्या भाताबरोबर मिक्सरला लावून, त्याच पाण्यात सरसरीत करा. मीठ, हळद, तिखट, लसूण काही नको. उकडलेलं अंडं कुस्करून चालतं. पण नुसत्या चिकन-भातावर पिल्लू वाढवू नका. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढून घेतं, पाय वाकतात, सोफ्यावरून मारलेल्या उडीने हाड मोडतं. कायम घरचंच द्यायचं ठरवलं असेल तर प्रमाण पशुवैद्याकडून लिहून घ्या. उलट पूर्ण पपी खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमचं सिरप पाजायची गरज नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांना तर ते अपायच करतं.

घरात अंडं-मांस शिजत नसेल तरी पिल्लू सांभाळता येतं. स्टार्टर खाद्याचं पाकीट, एक वेगळी ताटली, एक वेगळा चमचा आणि गॅलरीतला एक कोपरा पुरतो. आजीच्या स्वयंपाकघराला हात लागत नाही. आमच्या ओळखीतली कित्येक पिल्लं अशाच घरांत वाढली. डाळ-भात-पोळीवर मात्र या वयाचं पिल्लू ठेवू नका.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट, चहा-कॉफी आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची च्युइंगम किंवा गोळ्या कुत्र्यांना विषारी आहेत. शिजवलेली हाडं चिरफळून आतडं फाडतात. फोडणीच्या आमटीत कांदा-लसूण असतोच, तेव्हा "थोडीशी आमटी कालवून" हेही नाही. दिवाळीच्या दिवसांत पाहुणे शिरा-लाडूचे घास देतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

नव्या घरी देताना

आठ आठवडे पूर्ण होऊ द्या. दूध सुटलं म्हणजे पिल्लू तयार झालं असं नाही. भावंडांशी खेळताना, चावल्यावर समोरचं किंचाळतं तेव्हा, किती जोरात चावायचं नाही हे ते शिकत असतं. एकटं पिल्लू असेल तर ते काम तुमच्याकडे येतं : दात जोरात लागला की खेळ तिथेच थांबवायचा.

पिल्लाबरोबर वजनाची वही, जंताच्या औषधाच्या आणि लसीच्या तारखा, आणि सध्या खातं त्याच खाद्याचं किमान आठवडाभराचं पाकीट द्या. नव्या माणसांना दुसरं खाद्य द्यायचं असेल तर सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं मिसळत बदलायला सांगा. पहिले दोन दिवस पिल्लू कमी खाईल. त्या काळात त्याला दूध-बिस्किट दाखवू नका, हे निघताना दारात पुन्हा एकदा सांगा, आणि तिसऱ्या दिवशी फोन करून वजन विचारा.